फळ आईचं, बी बाळाचं: भाजीच्या पिशवीतून आनुवंशिकता

मुलांना आनुवंशिकता शिकवायची म्हटलं की बहुतेक मोठी माणसं थेट चौकट काढतात, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या गुणांच्या जोड्यांचा तक्ता. मोठा टी, छोटा टी, चार घरं आणि खाली उत्तर तीनास एक. मुलं ती चौकट पाठ करतात, गुणही मिळवतात. मग त्यांना विचारावं, ‘हापूसची कोय लावली तर हापूसच येईल का?’ वर्ग एकदम गप्प होतो. चौकट चुकीची नाही, फक्त ती फार लवकर येते. आधी डोळ्यांना फरक दिसायला हवा, हाताने तो मोजायला हवा, आणि फरक बघून ‘हे कुठून आलं?’ असं विचारायची सवय लागायला हवी. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आठवड्याची भाजी, किराण्यातले दोन प्रकारचे वाटाणे आणि दोन-तीन कुंड्या पुरतात.

हा लेख आठ ते चौदा वर्षांच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे. शाळेत हा विषय रीतसर नववी-दहावीत येतो, पण इथलं बरंचसं तिसरी-चौथीच्या मुलांनाही छान जमतं.

सुरुवातीलाच एक नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: फळ आईचं, बी बाळाचं. आंब्याचा गर, वांग्याची साल, मटारच्या शेंगेचं टरफल हे सगळं ज्या झाडाला लागलं त्या झाडाच्याच अंगाचं असतं. आतली बी मात्र पुढच्या पिढीची. तिच्यात अर्धा वाटा त्या झाडाचा आणि अर्धा ज्या फुलाचे पराग आले त्या झाडाचा. पुढचे सगळे प्रयोग या एका वाक्याभोवती फिरतात. मुलं अडखळली की त्यांना परत इथेच आणायचं.

पहिली पायरी: फरक शोधा, मग गाळा

एकाच भाजीचे तीन-चार प्रकार आणा. महाराष्ट्रात यासाठी वांग्यासारखी भाजी नाही. जांभळ्या-पांढऱ्या रेघांचं गोल मांजरी गोटा, लांब जांभळं वांगं, जळगावकडचं भरिताचं मोठं हिरवट वांगं (याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं), आणि मिळालं तर पांढरं. ताटात मांडा आणि मुलांना दिसेल तो प्रत्येक फरक वहीत लिहायला सांगा. आकार, रंग, रेघा, देठावर काटे आहेत का, वजन, कुठे डाग, कुठे कीड.

यादी झाली की खरं काम सुरू होतं. प्रत्येक फरकापुढे विचारायचं: हा फरक बियांतून पुढच्या पिढीत जाईल का? रेघा जातील. काटे जातील. किडीचं भोक जाणार नाही. वजनावर वाद होतो आणि तो होऊ द्यावा, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. भरिताचं वांगं जातीनेच मोठं असतं, पण त्याच झाडावरचं एखादं वांगं पाण्याअभावी लहानही राहतं.

मग गडद जांभळं वांगं घ्या आणि देठाची हिरवी टोपी नखाने हळूच वर उचला. टोपीखालची साल बऱ्याच जातींत फिकट, जवळजवळ पांढरी निघते. मुलांना वाटतं, इथे रंग द्यायचा राहिला. खरं कारण असं की अशा जातींत जांभळा रंग तयार व्हायला उजेड लागतो आणि टोपीखाली उजेड पोचतच नाही. जांभळं होण्याची क्षमता वारशाने मिळाली, पण ती उजेडाशिवाय दिसली नाही. ‘वारसा की परिस्थिती’ हा प्रश्न मोठ्यांनाही नीट मांडता येत नाही. इथे तो एका बोटाखाली दिसतो. या ठिकाणी घाई करू नका. प्रत्येक मुलाला स्वतः टोपी उचलू द्या.

याच पायरीवर ढोबळी मिरचीचं कोडं घाला. हिरवी, लाल आणि पिवळी अशा तीन मिरच्या ठेवा आणि विचारा, वारशाचा फरक कोणत्या दोघींत आहे? हिरवी मिरची बहुतेक वेळा फक्त कच्ची असते, पिकल्यावर ती तिच्या जातीप्रमाणे लाल किंवा पिवळी झाली असती. म्हणजे हिरवी आणि लाल यांत फरक वयाचा असू शकतो, लाल आणि पिवळी यांत मात्र वारशाचा. हे कळल्यावर मुलं प्रत्येक यादीत स्वतःहून ‘कच्चं की जातीचं?’ असा रकाना आखायला लागतात.

दुसरी पायरी: भेंडीचे ठसे

भेंडीचे ठसे प्रत्येक मुलाने चित्रकलेच्या तासाला काढलेले असतात. त्याच ठशांची नोंदवही करा. प्रत्येकाला पाच-सहा भेंड्या द्या, आडव्या कापायला लावा (लहान मुलांसाठी सुरी तुम्ही धरा), ठसा काढा आणि त्यातले कोपरे मोजून खाली आकडा लिहा. बहुतेक ठसे पाच कोपऱ्यांचे निघतील, एखाद-दुसरा सहा किंवा सातचा. फळ्यावर सगळ्या वर्गाची मोजणी मांडा. पाच कोपरे हा आपल्याकडच्या बहुतेक जातींचा गुण, पण एकाच जातीतही थोडा इकडेतिकडे फरक असतो, हे त्या चित्रावरूनच दिसतं. असंच टोमॅटो आडवा कापून आतले कप्पे मोजता येतात. लांबट टोमॅटोत दोन-तीन, मोठ्या चपट्या टोमॅटोत कितीतरी. ही पायरी एका तासात उरकते. तिचा खरा उपयोग मोजणीची सवय लागण्यासाठी आहे.

तिसरी पायरी: वाटाणे

आता मेंडेलला बोलवायचं. ग्रेगोर मेंडेल हा आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो शहरात, मठात राहणारा धर्मगुरू. १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत त्याने वाटाण्यावर प्रयोग केले, १८६६ साली निबंध छापला आणि १८८४ साली तो वारला. त्याच्या कामाची किंमत जगाला कळली ती १९०० साली.

त्याने निवडलेल्या सात गुणांपैकी दोन आपल्या किराण्याच्या दुकानात आहेत, हे किती शिक्षकांच्या लक्षात येतं! रगड्यासाठी आणतो ते पांढरे वाटाणे आणि उसळीचे हिरवे वाटाणे मूठभर घ्या. रात्रभर भिजवा, सकाळी मुलांकडून सालं काढून घ्या. पांढऱ्या वाटाण्याच्या आतली डाळ पिवळी निघते, हिरव्याची हिरवी. मेंडेलने मोजलेला पिवळा आणि हिरवा रंग तो हाच. एक काळजी घ्या. हिरवे वाटाणे कधीकधी रंग लावून विकले जातात. भिजवलेलं पाणी गर्द हिरवं झालं तर ते वाटाणे टाकून द्या.

दुसरा गुण म्हणजे गोल आणि सुरकुतलेला दाणा. बियाण्याच्या दुकानातून भाजीच्या मटारचं छोटं पाकीट आणा, अर्केलसारखी जात चालेल. त्यातले दाणे सुरकुतलेले असतात. शेजारी पांढरे वाटाणे ठेवा, ते गुळगुळीत. घरचे कोवळे मटार वाळवून हा प्रयोग करू नका. कोवळा दाणा कुठल्याही जातीचा असला तरी वाळताना आकसतो आणि मुलांची दिशाभूल होते. आणखी एक, पाकिटातल्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं. दाणे तोंडात जाऊ देऊ नका आणि नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवा.

दाणा का सुरकुततो, हे सहावीच्या पुढच्या मुलांना जरूर सांगावं. गोल दाण्यात साखरेपासून फांद्याफांद्यांचा स्टार्च बनवणारं एक विकर (एन्झाइम) असतं. सुरकुतलेल्या दाण्यात त्या विकराचं जनुक, म्हणजे ते बनवण्याची वारशाने मिळालेली सूचना, बिघडलेलं आहे. स्टार्च कमी बनतो, साखर जास्त राहते, दाणा जास्त पाणी शोषतो आणि वाळताना तेवढाच जास्त आकसतो. भाजीचा मटार गोड लागतो त्यामागेही ही साखर आहे. जनुकातला हा बिघाड नेमका कोणता, ते इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेतल्या संशोधकांनी १९९० साली दाखवलं, मेंडेलच्या निबंधानंतर सव्वाशे वर्षांनी.

यातूनच ‘प्रभावी’ म्हणजे काय तेही उलगडतं. प्रत्येक दाण्याला त्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. त्यातली एक जरी चालू असली तरी पुरेसा स्टार्च बनतो आणि दाणा गोल होतो. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच तो सुरकुततो. म्हणून गोल प्रभावी, सुरकुतलेला अप्रभावी. प्रभावी म्हणजे चांगला किंवा जास्त संख्येने आढळणारा, असं मुलांना वाटू देऊ नका. मटार खाणारे आपण सगळे अप्रभावी गुणच पसंत करतो.

आता खेळ. दोन कापडी पिशव्या घ्या. प्रत्येकीत दहा पांढरे आणि दहा हिरवे कोरडे वाटाणे घाला. एक पिशवी आई, दुसरी बाप, आणि दोघांकडे दोन्ही रंगांच्या प्रती आहेत. न बघता प्रत्येक पिशवीतून एक दाणा काढा. जोडीत एक जरी पिवळ्या डाळीचा, म्हणजे पांढरा, दाणा असेल तर बाळ पिवळं, दोन्ही हिरवे असतील तरच हिरवं. नोंद करा, दाणे परत त्याच पिशवीत टाका, पिशवी हलवा, पुन्हा काढा. प्रत्येक गटाने चाळीस जोड्या काढाव्यात.

तीस आणि दहा असं नेमकं उत्तर फार थोड्या गटांना येईल. कुणाला २६ आणि १४, कुणाला ३३ आणि ७. इथे काही शिक्षक घाबरतात आणि मुलांना आकडे ‘नीट’ करायला सांगतात. कृपा करून तसं करू नका. सगळ्या गटांची बेरीज फळ्यावर मांडा. आकडा जसजसा मोठा होतो तसं प्रमाण तीनास एकच्या जवळ सरकताना मुलं स्वतः बघतात. मग मेंडेलचे खरे आकडे लिहा: ६,०२२ पिवळे, २,००१ हिरवे. गोल-सुरकुतलेल्यांचे ५,४७४ आणि १,८५०. त्यालाही नेमकं तीनास एक मिळालं नव्हतं. त्याने सात-आठ हजार दाणे का मोजले, याचं उत्तर मुलांना पिशवीतूनच मिळालेलं असतं. चौकट काढायची ती आता. आता ती समजते.

जाता जाता फळ्यावरचं वाक्य आठवून द्या. शेंग आईची, पण आतला प्रत्येक दाणा वेगळं बाळ. एकाच शेंगेत पिवळे आणि हिरवे दाणे शेजारी बसू शकतात ते त्यामुळे, आणि मेंडेलला पुढच्या पिढीचा रंग बघायला नवीन झाड उगवण्याची वाट बघावी लागली नाही तीही त्यामुळेच.

चौथी पायरी: कणीस आणि मिरची

पावसाळ्यात पानांसकट कणीस आणा आणि सावकाश सोला. वरचे केस एकेक करून खाली नेले की प्रत्येक केस एका दाण्यापाशी संपतो. तुऱ्यावरून उडालेला परागकण त्या केसावर पडला की तो दाणा भरतो. ज्या केसाला पराग मिळाले नाहीत तिथे दाणाच नाही, टोकाकडे रिकाम्या जागा दिसतात त्या याच. म्हणजे एका कणसावरची शेकडो बाळं एका आईची, पण बाप वेगवेगळे असू शकतात. गावरान मक्यात पिवळ्या दाण्यांमध्ये मधूनच पांढरा किंवा जांभळा दाणा दिसतो. असं कणीस मिळालं तर ते वाळवून वर्षानुवर्षं जपून ठेवा, त्यासारखं साधन नाही. दाण्यांच्या उभ्या ओळीही मोजायला लावा. त्या जवळजवळ नेहमी सम संख्येत निघतात, बारा, चौदा, सोळा. ओळींची संख्या आईकडून ठरते, दाण्याचा पिवळा-पांढरेपणा बाळाचा असतो. एकाच कणसावर दोन्ही वाचता येतात.

मिरचीत नेमकं उलट आहे. ढोबळी मिरचीशेजारी तिखट मिरची लावली की ढोबळी तिखट होते, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. फळ्याकडे बोट दाखवा आणि मुलांनाच निकाल देऊ द्या. मिरचीचा तिखटपणा तयार होतो तो बियांत नाही, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. ती शीर फळाची, म्हणून आईची. शेजारचे पराग आले तरी यंदाची ढोबळी तिखट होणार नाही. तिच्या बिया पेरल्या तर पुढच्या झाडांच्या मिरच्या तिखट निघतील, कारण तिखटपणा प्रभावी आहे. तिखट मिरची मुलांच्या हाती देऊ नका, तुम्हीच चिरून दाखवा.

पाचवी पायरी: आंब्याची कोय

मे महिन्यात हे करायचं. हापूस खाऊन झाल्यावर कोय धुवा, एखादा दिवस सावलीत ठेवा, वरचं कठीण कवच मोठ्यांनी कात्रीने फोडा आणि आतलं बी मातीत लावा. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. कोय फार दिवस ठेवून लावली तर ती रुजत नाही.

झाड येईल, पण त्याला हापूस लागेल याची खात्री नाही. गर हापूसचा होता, कोय मात्र बाळाची. माश्यांनी कुठून पराग आणले कोण जाणे. कोयीपासून वाढलेल्या अशा झाडांना कोकणात रायवळ म्हणतात, आणि प्रत्येक रायवळाची चव वेगळी. चार-पाच कोया लावल्या तर फळांची वाट न बघताही फरक दिसतो. कोवळ्या पानांचा तांबूस रंग एकात गडद, दुसऱ्यात फिका, आणि पान चुरगाळलं तर वासही निराळा. हापूस हवा असेल तर हापूसच्या झाडाची काडी रायवळाच्या रोपावर बांधावी लागते. त्यालाच कलम म्हणतात. कोकणातला प्रत्येक हापूस अशी जुन्या झाडाची काडी आहे. जवळ रोपवाटिका असेल तर मुलांना कोय कलम बांधताना नक्की दाखवा.

आणि दोन झाडांचे गुण मुद्दाम एकत्र आणायचे असतील तर? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून रत्ना ही जात तयार झाली, १९८१ साली. हापूसमध्ये पडणारा साका, म्हणजे गरातला पांढरट स्पंजासारखा भाग, तिच्यात नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ साली सिंधू आली, जिची कोय अगदी पातळ. ‘तुम्हाला दोन आंब्यांतून काय काय घ्यायला आवडेल?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तरं ऐका.

आंब्याशेजारी नागपुरी संत्र्याची बी लावा. एका बीमधून कधी दोन, कधी तीन कोंब निघतात. त्यातले बहुतेक परागांशिवाय, निव्वळ आईच्या पेशींपासून तयार झालेले असतात, म्हणजे आईची हुबेहूब प्रत. फळ्यावरच्या नियमाला हा अपवाद आहे आणि तो लपवू नये. केळ्याची गोष्ट तिसरीच. केळं आडवं कापलं की मधे बारीक काळे ठिपके दिसतात, त्या न वाढलेल्या बिया. खायच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही आणि झाड मुनव्यांपासून (बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून) लावावं लागतं.

सहावी पायरी: एका टोमॅटोची भावंडं

ही पायरी तीन-चार महिन्यांची आहे, पण जमली तर सगळ्यात जास्त शिकवणारी. बाजारातला एक पिकलेला टोमॅटो घ्या. बिया वाटीत काढून दोन दिवस पाण्यात ठेवा, वरचा बुळबुळीत थर सुटतो, मग गाळून कागदावर वाळवा. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक टोमॅटो संकरित बियाण्याचे असतात. त्या झाडात दोन वेगळ्या वाणांचा वारसा मिसळलेला असतो आणि त्याच्या बियांत तो वेगवेगळ्या तऱ्हेने वाटला जातो. शेजारी एखाद्या शेतकऱ्याकडून आणलेल्या गावरान टोमॅटोच्या बिया लावा. टोमॅटोचं फूल सहसा स्वतःच्याच परागांनी फळतं, त्यामुळे वर्षानुवर्षं राखलेल्या गावरान वाणाची भावंडं एकमेकांसारखी निघतात.

प्रत्येक प्रकारची निदान सहा रोपं ठेवा. साधारण महिन्याने कुंडीत लावा, नंतर दोन-अडीच महिन्यांत फळं धरतात. माती, कुंडीचा आकार, ऊन आणि पाणी सगळ्यांना सारखं. ते सारखं नसेल तर दिसलेला फरक वारशाचा की उन्हाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि मुलं हे पहिल्या पायरीतल्या वांग्यावरून ओळखतात. प्रत्येक कुंडीवर नाव आणि तारीख ऑइलपेंटने लिहा, स्केचपेन पहिल्या पावसात धुऊन जातं. नोंदी थोड्याच ठेवा: उंची, पहिलं फूल कधी, फळाचा आकार, कप्पे किती. संकरिताच्या सहा भावंडांत एखादं लवकर फुलेल, एखाद्याची फळं लांबट होतील.

गावरान बियाणं आणायच्या निमित्ताने राहीबाई पोपेरे यांच्याबद्दल सांगा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या या शेतकरी बाईंनी वाल, घेवडे, भाज्यांचे गावरान वाण गोळा करून जपले आणि त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. वाण जपणं म्हणजे प्रत्येक पिढीत बघून निवडून बी राखणं, हे मुलांना त्यांच्या कामातून चटकन कळतं.

माणसांविषयी प्रश्न आले तर

ते येतातच. ‘मी बाबांसारखी का नाही दिसत?’ सगळ्या वर्गाला घरच्यांचे नाक-डोळे जुळवून आणायचा गृहपाठ देऊ नका. कुणी दत्तक असतं, कुणाच्या घरी एकच पालक असतो, कुणाला त्वचेच्या रंगावरून आधीच टोमणे ऐकावे लागतात. शिवाय उंची आणि रंग ठरवण्यात पुष्कळ जनुकांचा हात असतो, आणि जीभ वळवता येणं हेसुद्धा एका जनुकावर ठरत नाही. वाटाण्याचं सरळ गणित तिथे चालत नाही, एवढं खरं उत्तर द्या आणि पुन्हा ताटाकडे वळा.

मोठ्या मुलांना पुढचं काम हवं असेल तर कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल एका रांगेत ठेवा. चौघं एकाच प्रजातीचे आहेत. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कुठे पानं, कुठे कळ्या, कुठे खोड बघून बी राखलं आणि एकाच रानटी रोपातून हे सगळं घडलं. मुलांना पटणार नाही. मग ब्रोकोलीचा एक तुरा देठ पाण्यात बुडेल असा ग्लासात ठेवा, तीन-चार दिवसांत कळ्या पिवळ्या होऊन उमलायला लागतात. शेजारी मोहरीचं फूल ठेवा, ती याच कुळातली. दोन्हींच्या पाकळ्या मुलांनाच मोजू द्या, चार आणि चार.